कॅटलिना ३० : मागणी १७,५०० डॉलर, खरी किंमत किती?

सान फ्रान्सिस्को बेमध्ये तीस फुटी जुनी शिडाची बोट शोधायला निघालं की कॅटलिना ३० समोर आल्याशिवाय राहत नाही. फ्रँक बटलर यांच्या कॅटलिना यॉट्सने हे मॉडेल १९७०च्या दशकाच्या मध्यापासून २००८पर्यंत बांधलं. एकूण बोटी सहा हजारांच्या वर गेल्या. इतक्या बोटी इतकी वर्षं पाण्यात असल्यामुळे त्यांची दुखणी गुपित राहिलेली नाहीत. गंमत अशी, की ज्या दुखण्याची चर्चा सर्वांत जास्त होते, ते सर्वांत महाग असतंच असं नाही.

इथे मांडलेली बोट नमुन्याची आहे. या मॉडेलमध्ये वारंवार सापडणारे दोष एकाच बोटीवर आणून प्रकरण रचलं आहे. रकमा बे एरियातल्या यार्डांच्या, म्हणजे बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यांच्या, दरांना धरून ढोबळ घेतल्या आहेत. दर बदलतील, हिशेबाची पद्धत बदलणार नाही.

बोट आणि घेणारे

ओकलंड आणि अलामेडामधल्या खाडीत उभी असलेली ही बोट १९८५ मॉडेलची. लांबी २९ फूट ११ इंच, रुंदी १० फूट १० इंच, वजन सुमारे १०,२०० पौंड, त्यातलं ४,२०० पौंड शिसं कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या वजनदार पात्यात. कील खोल, म्हणजे ५ फूट ३ इंच पाणी लागणारी. डोलकाठी नेहमीच्या उंचीची. टॉल रिगची, म्हणजे जास्त उंच डोलकाठीची, बोट इथे उन्हाळी दुपारच्या २०-२५ नॉट वाऱ्यात लवकर जड जाते, त्यामुळे बेसाठी ही जमेची बाजू. इंजिन युनिव्हर्सल एम-२५, म्हणजे कुबोटाच्या तीन सिलिंडरी ब्लॉकवर तयार केलेलं २१ हॉर्सपॉवरचं डिझेल. जाहिरातीत लिहिलेलं: रिगिंग (डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा) उत्तम, इंजिन भरवशाचं, लगेच निघायला तयार. मागणी १७,५०० डॉलर.

घेणारं जोडपं फ्रीमाँटचं, मूळचं पुण्याचं. दोघांचे एएसए १०१ आणि १०३ हे शिडाच्या बोटीचे अभ्यासक्रम झालेले, क्लबच्या बोटी भाड्याने घेऊन बे फिरलेले. शनिवार-रविवार एंजल आयलंड, उन्हाळ्यात डेल्टा, पुढे हाफ मून बे आणि माँटेरे, एवढा त्यांचा बेत. महासागर ओलांडायचा नाही. या कामाला कॅटलिना ३० अगदी योग्य आहे. आत जागा ऐसपैस, उभं राहायला सहा फुटांच्या वर उंची, आणि भारतातून आई-बाबा आले तरी झोपायची सोय होते. पहिल्या वर्षाचं एकूण बजेट २५,००० डॉलर. त्यात बोटीची किंमत आणि दुरुस्ती दोन्ही आली, धक्क्याचं भाडं वेगळं. ‘बोट पंधरा-सतरा हजारांची घेऊ’ असं न म्हणता दोन्ही मिळून आकडा ठरवला, हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं. खाली जे काही घडतं ते त्या एका आकड्यामुळे सोपं झालं.

आधी कागद

बोटीच्या मागच्या उभ्या भागावर, उजव्या बाजूला, वरच्या कडेजवळ बारा अक्षर-अंकांचा हल क्रमांक, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, असतो. सुरुवातीची तीन अक्षरं कारखान्याची, कॅटलिनाची सीटीवाय. मग पाच जागा अनुक्रमांकाच्या. शेवटच्या चार जागांपैकी पहिलं अक्षर महिना सांगतं, पुढचा अंक वर्ष आणि शेवटचे दोन अंक मॉडेल वर्ष. या बोटीवर शेवटी ‘एल ४८५’ होतं, म्हणजे डिसेंबर १९८४मध्ये बांधलेली, १९८५ मॉडेल. जाहिरात आणि नोंदणीचा कागद दोन्हींशी क्रमांक जुळला. न जुळला तर बोटीवर पायसुद्धा ठेवू नये.

दुसरा मुद्दा इथल्या मराठी खरेदीदारांना नेमका लागू पडतो. एवढ्या आकाराची बोट दोन पद्धतींनी नोंदता येते: कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीकडे (वाहन नोंदणी खात्याकडे) सीएफ क्रमांक घेऊन, किंवा कोस्ट गार्डकडे फेडरल डॉक्युमेंटेशन करून. दुसरी वाट फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाला ती बंद. विकणाऱ्याची बोट कोस्ट गार्डकडे नोंदलेली असेल, तर त्या नोंदीचा उतारा मागवून तिच्यावर कर्जाचा बोजा नाही ना हे पाहायचं, नोंद रद्द करून घ्यायची आणि मग डीएमव्हीकडे जायचं. ही बोट सीएफ क्रमांकाची होती, तेवढी कटकट वाचली. डीएमव्हीत नाव लावताना यूज टॅक्स, म्हणजे विक्रीकरासारखा कर, भरावा लागतो. अलामेडा काउंटीत तो १० टक्क्यांच्या थोडा वर जातो. शिवाय काउंटी दर वर्षी बोटीवर मालमत्ता कर लावते, साधारण किमतीच्या एक टक्का. १ जानेवारी २०२५पासून इंजिन असलेली बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला वयाची अट न ठेवता बोटर कार्डही (बोट सुरक्षिततेची परीक्षा दिल्याचं कार्ड) लागतं.

पहिली भेट, सर्व्हेअरशिवाय

सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासून अहवाल देणारा तज्ज्ञ, तीस फुटी बोटीला ७००-८०० डॉलर घेतो, बोट उचलण्याचे ४०० ते ६०० वेगळे, आणि दोन्ही खर्च घेणाऱ्याचे. म्हणून पहिली चाळणी स्वतः लावायची. सामान फार लागत नाही: डोक्याला लावायचा दिवा, लहान आरसा, टोच्या, प्लास्टिकच्या डोक्याची हलकी हातोडी, मल्टिमीटर, दहापट भिंग, पेपर टॉवेल आणि तीन तास. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं की इंजिन आम्ही येण्याआधी चालू करू नका.

डेक वाजवून पाहायला सुरुवात केली. मडकं घेताना टिचकी मारून ऐकतो तसंच. चांगल्या फायबरचा आवाज खणखणीत येतो. खालचा प्लायवुड ओला होऊन सुटला असेल तर बद्द. या काळातल्या कॅटलिनाच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवुडचे तुकडे आहेत. तुकडे असल्याचा फायदा असा की ओल एका जागेवरून दुसरीकडे सावकाश सरकते. तोटा असा की डागडुजीही तुकड्यातुकड्याने निघत राहते. इथे उजव्या चेनप्लेटभोवती (डोलकाठीची तार बोटीला बांधणाऱ्या धातूच्या पट्टीभोवती) आणि एका स्टँचनच्या, म्हणजे कठड्याच्या उभ्या दांड्याच्या, बुडाशी मिळून दोन-अडीच चौरस फुटांत बद्द आवाज आला. स्टँचनचं कारण उघड आहे: धक्क्यावरून चढणारा प्रत्येक जण त्यालाच धरतो, बुडाचं सीलंट फाटतं आणि पाऊस बोल्टांच्या भोकांतून आत उतरतो.

आत जाऊन त्याच चेनप्लेटखालचा बल्कहेड, म्हणजे केबिनमधली आडवी भिंत, पाहिला. व्हिनियरवर काळपट डाग, वरून खाली ओघळलेला. टोच्या बोल्टाशेजारी चार मिलिमीटर सहज गेला. हातभर अंतरावर, कोरड्या जागी, टोकही रुतलं नाही. डोलकाठी उभी धरणारी बाजूची तार याच प्लायवुडला बांधलेली असते, म्हणून हा डाग शोभेचा प्रश्न नाही. डाव्या बाजूचा बल्कहेड स्वच्छ होता.

या बोटीची खरी गोष्ट त्यानंतर सापडली.

कॅटलिना ३०ची डोलकाठी डेकवर टेकलेली असते. काठीचं वजन आणि त्याहून कितीतरी जास्त असा ताणलेल्या तारांचा दाब डेकमधून केबिनमधल्या लाकडी खांबावर जातो, खांबाखालच्या फरशीतून बिल्जमधल्या (बोटीच्या सर्वांत खालच्या, पाणी साचणाऱ्या जागेतल्या) लाकडी ठोकळ्यावर आणि तिथून तळावर. ठोकळा फरशीखाली, अंधारात, बिल्जच्या ओलाव्यात बसलेला. वर्षानुवर्षं पाणी साचलं की तो भुसभुशीत होतो आणि अख्खी डोलकाठी मिलिमीटर-मिलिमीटरने खाली उतरते. हे उतरणं कुणाला दिसत नाही, कारण मालक दर हंगामात सैल झालेल्या तारा थोड्या आवळून घेतो. आवळलेल्या तारा काठीला आणखी खाली दाबतात.

खुणा मात्र चार ठिकाणी असतात. पहिली, डेकवर डोलकाठीच्या बुडाजवळ आडवी सरळ पट्टी धरायची. इथे ६० सेंटिमीटरच्या पट्टीखाली काठीच्या बाजूला जवळजवळ ६ मिलिमीटर फट होती, आणि जेलकोटला (फायबरवरच्या चकचकीत थराला) काठीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. दुसरी, संडासाचं दार. ते मुख्य बल्कहेडला लागून आहे आणि वरच्या कडेला घासत होतं. विकणारा म्हणाला, लाकूड फुगलंय. कडेवर मात्र रंधा मारल्याची ताजी खूण होती. तिसरी, तारा आवळायचे स्क्रू, म्हणजे टर्नबकल: आवळायला जेमतेम दोन-तीन आटे शिल्लक. चौथी खूण मिळवायला गुडघ्यांवर बसावं लागतं. खांबाशेजारची फरशीची फळी काढून दिवा आणि फोनचा कॅमेरा आत घातला, ठोकळ्यात टोच्या टोचला. तो दोन सेंटिमीटर गेला आणि बाहेर काढल्यावर ओला निघाला.

जाहिरातीतलं ‘रिगिंग उत्तम’ इथेच निकालात निघालं. तारांचं वय मालकाला सांगता आलं नाही. त्याने बोट घेतली तेव्हा ज्या होत्या त्याच आहेत, आणि बोट त्याच्याकडे अठरा वर्षं आहे. पेपर टॉवेल तारेवरून वर-खाली फिरवला, कुठे अडकला नाही, म्हणजे तुटलेली लड हाताला आली नाही. पण तारेच्या खालच्या टोकाला दाबून बसवलेल्या एका टर्मिनलवर भिंगातून उभी चीर आणि गंजाचा ओघळ दिसला. अशी एक चीर पुरे. बहुतेक विमा कंपन्या दहा-पंधरा वर्षांपुढच्या तारांबद्दल प्रश्न विचारतातच.

इंजिन, थंड असताना

इंजिनाच्या ब्लॉकवर हात ठेवला, थंड होतं. ग्लो प्लग पंधरा-वीस सेकंद धरल्यावर दुसऱ्या फेऱ्यात सुरू झालं. सुरुवातीचा पांढरा धूर मिनिटभरात गेला. एक्झॉस्टमधून पाणी भसाभस येत होतं. हा कुबोटा ब्लॉक टिकाऊ आहे. त्याला मारतं ते आजूबाजूला जोडलेलं सामान.

तिथे तीन गोष्टी पाहायच्या. एक, अल्टरनेटरचा कंस. एम-२५वरचा मूळ कंस कमजोर होता. तो थरथरून तुटतो आणि ज्या टायमिंग कव्हरला धरलेला असतो तेही सोबत नेतो. या बोटीवर सुधारित कंस बसवलेला होता, ही मोठी जमेची बाजू. दोन, हीट एक्स्चेंजर, म्हणजे समुद्राच्या पाण्याने इंजिनाचं कूलंट गार करणारं नळकांडं. मूळचा दोन इंच व्यासाचा, या इंजिनाला जेमतेम पुरणारा. त्यातला गंज स्वतःवर घेणारा पेन्सिलसारखा झिंक काढून पाहिला तर फक्त पितळी टोपी हातात आली, झिंक केव्हाच संपलेला. म्हणजे इंजिनाची देखभाल बंद पडून बराच काळ झाला आहे, ‘भरवशाचं’ काहीही म्हणो.

तिसरी गोष्ट स्वस्त, पण आमच्या मते बोटीवरची सर्वांत धोकादायक. युनिव्हर्सल इंजिनांच्या मूळ वायरिंगमध्ये इंजिन आणि पॅनेलच्या मध्ये ट्रेलरला असतात तसे बहुपिनी प्लग आहेत. पॅनेलवर मूळचा अॅमीटर (करंट मोजणारा काटा) असेल तर अल्टरनेटरचा सगळा करंट त्या लांब तारेतून आणि त्या प्लगमधून पॅनेलपर्यंत जाऊन परत येतो. पिना गंजल्या की तापतात, प्लास्टिक वितळतं, आणि बोटीला आग लागते ती अशी. पॅनेलवर अॅमीटर दिसला म्हणजे हे काम झालेलं नाही हे प्लग न शोधताही कळतं. इथे अॅमीटर होता, आणि प्लगची एक बाजू तपकिरी पडलेली होती. उपाय: प्लग कापून तारा थेट जोडायच्या, अॅमीटरच्या जागी व्होल्टमीटर, आणि अल्टरनेटरचा करंट जाड तारेने फ्यूजमधून सरळ बॅटरीकडे. सामान दोनशे डॉलरच्या आत, काम एका दिवसाचं.

उरलेलं भराभर. एक्झॉस्ट रायझरवरचं (इंजिनाच्या धुराच्या चढत्या नळीवरचं) कापड बाहेरून नीट, पण खालच्या सांध्यावर गंजाचा डाग. तळातल्या पाच झडपांपैकी दोन जुन्या पितळी गेट व्हॉल्व्ह, दोन्ही जाम. जोर लावला नाही; पाण्यात असताना झडप हातात आली तर बोट तिथेच बुडते. १२० व्होल्टच्या शोअर पॉवर सॉकेटची (धक्क्यावरची वीज बोटीत घेण्याच्या जागेची) एक पिन काळी पडलेली. संडासाच्या नळीवरून गरम ओला कपडा फिरवून हुंगला. कपड्याला वास आला, म्हणजे वास नळीच्या भिंतीतून झिरपतो आहे आणि नळी बदलावी लागणार. स्टोव्ह सीएनजीवर चालणारा, तीस-चाळीस वर्षांपूर्वी बऱ्याच कॅटलिनांवर होता तसा. आता त्याच्या टाक्या भरून देणारी जागा सापडणं कठीण, त्यामुळे तो शोभेचाच धरायचा. शिडं मात्र अपेक्षेपेक्षा बरी: मुख्य शिडाचं कापड अजून कडक, पुढच्या मोठ्या शिडाची, जेनोआची, उन्हापासून वाचवणारी पट्टी फाटलेली पण शिलाई पक्की.

ऑफर

एवढं सापडल्यावर इथेच नाही म्हणणंही चुकीचं नव्हतं. जोडप्याने १५,००० डॉलरची ऑफर दिली, दहा टक्के डिपॉझिट ब्रोकरच्या ट्रस्ट खात्यात, आणि चार अटी लेखी: सर्व्हे मान्य होणं, समुद्रचाचणी मान्य होणं, विमा मिळणं, आणि धक्क्याची जागा मिळणं. शेवटची अट लोक विसरतात. बोट सध्या ज्या जागेवर उभी आहे ती जागा बोटीबरोबर आपोआप येत नाही, आणि मरिना तीन ते पाच लाख डॉलरचा जबाबदारी विमा मागते. विमा कंपनी चाळीस वर्षांच्या बोटीला ताज्या सर्व्हेशिवाय हात लावत नाही. सगळं एकमेकांत अडकलेलं असतं.

सर्व्हेअर एसएएमएस किंवा एनएएमएस या संस्थांचा मान्यताप्राप्त असावा आणि तो घेणाऱ्याने निवडावा. ब्रोकरने दिलेल्या तीन नावांतून निवडणं टाळावं, ब्रोकर कितीही सज्जन असला तरी. आणखी एक समजून घ्यायला हवं: सर्व्हेअर सहसा डोलकाठीवर चढत नाही आणि इंजिन उघडत नाही. रिगर (डोलकाठी आणि तारांचा कारागीर) आणि मेकॅनिक हे वेगळे खर्च. इथे इंजिनासाठी फक्त तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, चाळीस डॉलरमध्ये. त्याआधी तेल शेवटचं कधी बदललं ते विचारलं. कालच बदललेल्या तेलाच्या नमुन्यातून काहीच कळत नाही. अहवालात लोखंड थोडं जास्त, सोडियम-पोटॅशियम नाही. म्हणजे खारं पाणी किंवा कूलंट तेलात शिरत नाही.

बोट उचलली तेव्हा

कॅटलिनाबद्दल जो कोणी बोलतो तो ‘स्माइल’बद्दल बोलतो: कील आणि बोटीचा तळ जिथे भेटतात तिथे पुढच्या टोकाला पडणारी हसऱ्या ओठासारखी चीर. कारण खरं आहे. साधारण १९८८च्या आधीच्या बोटींत कीलच्या वरच्या खुंटाच्या फायबरमध्ये प्लायवुड आहे. बिल्जचं पाणी बोल्टांच्या कडेने त्यात गेलं की प्लायवुड दबतं, बोल्ट सैल पडतात आणि सांधा उघडतो.

पण प्रत्येक स्माइल म्हणजे सैल कील नव्हे, आणि फरक ओळखायची संधी बोट उचलताना एकदाच मिळते. बोट पट्ट्यांवर लटकत असताना चार हजार पौंडांची कील खाली ओढत असते. तेव्हा चीर मोजायची. मग बोट ठोकळ्यांवर टेकवली की बोटीचं वजन कीलवर येतं. तेव्हा पुन्हा मोजायची. चीर उघडझाप करत असेल तर सांधा हलतो आहे. यार्डवाल्याला आधीच सांगून दहा मिनिटं बोट लटकत ठेवावी लागते, नाहीतर ते लगेच टेकवून जेवायला जातात.

इथे चीर दोन्ही वेळा केसाएवढी, तेवढीच. पाणी किंवा गंज झिरपत नव्हता. आत बिल्जमध्ये बोल्टांच्या नटांवर वरवरचा गंज, पण वॉशरखालचं फायबर दबलेलं नाही, वाजवलं तर खणखणीत. सर्व्हेअरचा शेरा: नट कारखान्याने सांगितलेल्या टॉर्कला आवळून घ्या, चीर खरवडून भरून घ्या, पुढच्या वेळी पुन्हा पाहा. खर्च तीनेकशे डॉलर. ब्रोकर सर्व्हेभर कीलकडेच बोट दाखवत राहिला, ‘बघा, काही नाही’. त्याचं खरंच होतं, फक्त प्रश्न तिथे नव्हता.

तळावर नाण्याएवढे पाच-सहा फोड, उथळ. ओलावा मीटरने आकडे चढे दाखवले, पण नुकत्याच पाण्यातून काढलेल्या आणि तांब्याच्या रंगाने माखलेल्या तळावर ते आकडे विश्वासाचे नसतात. तळाच्या दोन जागांची तुलना करायला तेवढे कामाचे. बेचं पाणी थंड असल्यामुळे फोड इथे गरम पाण्यातल्या बोटींइतके फोफावत नाहीत. पुढच्या रंगाच्या वेळी घासून भरायचे, झालं. सुकाणू खालच्या कडेला ठिबकत होतं. फोम भरलेल्या जुन्या सुकाण्यात थोडं पाणी जवळजवळ नेहमी असतं. आतल्या स्टीलच्या पट्ट्या गंजल्यात का हे पाहायला दांडा धरून पातं पिळून पाहिलं, दांडा आणि पातं एकत्र हलले. ठीक.

समुद्रचाचणी

ही दुपारी ठेवली, मुद्दाम. सकाळच्या गुळगुळीत पाण्यात सगळ्याच बोटी चांगल्या असतात. खाडीतून बाहेर पडेपर्यंत इंजिन अर्धा तास, त्यातली पाच मिनिटं पूर्ण थ्रॉटलला. तापमान १७० फॅरनहाइटच्या आसपास राहिलं, पूर्ण थ्रॉटलला हळूहळू चढू लागलं. लहान, झिंक नसलेल्या हीट एक्स्चेंजरकडून हेच अपेक्षित होतं. फेरे उत्पादकाच्या आकड्यापासून दीडशे-दोनशे कमी, पण तळाला शंख-शेवाळ होतं, त्यामुळे त्याचा दोष इंजिनावर घालता येत नाही.

बे ब्रिजजवळ १८ नॉट वाऱ्यात, वाऱ्याच्या तोंडाजवळच्या कोनात, बोट एका कुशीवर घेतली. वाऱ्याखालच्या बाजूची तार थोडी सैल पडणं स्वाभाविक आहे. इथे ती हाताने हेलकावे देता येतील इतकी लोंबकळत होती, आणि कुशी बदलल्यावर दुसऱ्या बाजूचीही तशीच. त्याच वेळी एकाने केबिनमध्ये उभं राहून संडासाचं दार उघडायचा प्रयत्न केला. एका कुशीवर ते उघडत होतं, दुसरीवर अडकत होतं. ठोकळा कुजल्याचा संशय होता. आता बल्कहेड आणि खांब भाराखाली हलतात हे समोर दिसलं.

हिशेब

सर्व्हेचा अहवाल आठवड्यात आला, सव्वीस पानांचा. असे अहवाल वाचताना दम लागतो, कारण मुदत संपलेल्या फ्लेअर (संकटात पेटवायच्या कांड्या) आणि कुजलेला ठोकळा एकाच सुरात लिहिलेले असतात. जोडप्याने प्रत्येक ओळीपुढे यार्डाचा अंदाज लिहून घेतला.

डोलकाठी क्रेनने उतरवणं-चढवणं, सगळ्या तारा आणि टर्मिनल नवे, काठीतलं वायरिंग: ६,००० डॉलर. खांबाखालचा ठोकळा आणि डेकवरची बैठक: २,०००. उजवी चेनप्लेट, बल्कहेडचा तुकडा, डेकचा ओला भाग: २,८००. झडपा, पाचही बदलायच्या: १,४००. इंजिन वायरिंग, रायझर, हीट एक्स्चेंजर, नळ्या: १,२००. शोअर पॉवर: ३५०. तळाचा रंग, फोड आणि कीलची चीर: १,९००. बेरीज १५,६५०.

यातली पहिली दोन कामं वेगवेगळी करू नयेत. ठोकळा बदलायला डोलकाठीचा भार काढावाच लागतो, आणि काठी एकदा जमिनीवर आली की जुन्या तारा परत चढवणं म्हणजे क्रेनचे पैसे दोनदा भरणं. उलट, आधी ठोकळा आणि बैठक न करता नव्या तारा लावल्या तर त्या खाली उतरलेल्या काठीच्या उंचीला मापून येतात आणि दुरुस्तीनंतर आखूड पडतात. क्रम चुकला तर सहा हजारांचं काम वाया.

१५,००० अधिक १५,६५० अधिक दीडेक हजार यूज टॅक्स: ३२,००० डॉलरच्या वर. बजेट पंचवीस. त्याच सुमाराला सॉसालिटोमध्ये १९८८ची, दुसरी कॅटलिना ३० होती: एम-२५एक्सपी इंजिन, चार वर्षांपूर्वीच्या तारा पावतीसकट, मागणी २३,५००. आपल्या बोटीची लायकी तिच्याशी ताडून पाहिली की उत्तर सरळ येतं. दुरुस्तीनंतर दोन्ही बोटी साधारण एकाच दर्जाच्या होतील. मग दुरुस्ती न झालेल्या बोटीची किंमत २३,५०० वजा १५,६५०, म्हणजे ७,८५०. त्यात चार-पाच महिने बोट यार्डात उभी राहणार त्याचं काहीच धरलेलं नाही.

जोडप्याने ८,५००चा सुधारित आकडा दिला, अहवालाची संबंधित पानं आणि अंदाज सोबत जोडून. विकणाऱ्याचं म्हणणं, तारा जुन्या आहेत हे बोटीच्या वयावरून कळतंच, त्याची वजावट मागू नका. या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. तळाचा रंग, शिडाची पट्टी, जुना स्टोव्ह या गोष्टी मागण्याच्या किमतीत धरलेल्या असतात, आणि त्या वजावटीत घुसडल्या की समोरचा बाकीचंही ऐकत नाही. पण चीर गेलेलं टर्मिनल आणि कुजलेला ठोकळा ही वयाची झीज नव्हे, आणि जाहिरातीत ‘रिगिंग उत्तम’ छापलेलं होतं. विकणारा ११,०००वर थांबला. एकूण २७,७००च्या पुढे जात होतं. स्वतः हाताने काम करणाऱ्याला हाच सौदा परवडला असता: ठोकळा, वायरिंग, झडपा आणि डेक मिळून निम्म्याहून जास्त रक्कम मजुरीची आहे. या दोघांकडे नोकरी, लहान मुलगी आणि शनिवार-रविवार एवढंच होतं.

त्यांनी नकार दिला. सर्व्हे ७५०, उचलणं ५००, तेलाची तपासणी ४०: १,२९० डॉलर गेले, ते परत मिळत नाहीत. डिपॉझिट परत मिळालं, आणि ते मिळण्याचं कारण करारातली एक ओळ. काही छापील करारांत ठरलेल्या तारखेपर्यंत घेणाऱ्याने लेखी होकार दिला नाही तर सौदा आपोआप रद्द होतो. काहींत उलट, लेखी नकार आला नाही तर बोट मान्य केली असं धरतात. हा दुसऱ्या प्रकारचा होता. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती, घासाघीस गुरुवारी रात्रीपर्यंत चालू होती, आणि ब्रोकर फोनवर ‘सोमवारी बोलू’ म्हणत होता. नकाराची ईमेल शुक्रवारी सकाळीच गेली, आणि ब्रोकरकडून ती मिळाल्याची लेखी पोच दुपारपर्यंत मागून घेतली.